सहावा नंबर आणि मधला गडी

ऑईल सिटी, पेनसिल्व्हेनिया
१२ फेब्रुवारी १९९६

ग्लेन,

बहिणीच्या नवऱ्याचं पत्र पाहून तुला आनंद होणार नाही, मलाही लिहिताना होत नाहीये. पण तुझ्या कचेरीत फोन केला की साहेब मीटिंगमध्ये आहेत असं सांगतात, आणि डोरीनच्या वर्षश्राद्धाच्या प्रार्थनेलाही तू आला नाहीस. तेव्हा पत्राशिवाय इलाज नाही.

पेपरातली तुझी मुलाखत वाचली. फोटो छान आलाय, टाय नवीन दिसतो. सोळापैकी चार सामने जिंकणाऱ्या फुटबॉल संघाच्या कारभाऱ्याने इतकं हसू नये, पण तुला कोण सांगणार? मुलाखतीत म्हणतोस, एरी ॲन्व्हिल्सला आता वेग हवा. म्हणजे एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये कॉलेजची पोरं वाटून घेताना तुझा सहावा नंबर लागला की तू कडेला पळणारा कुणी कॉर्नर उचलणार. शाब्बास. घराला पुढचं दार नाही आणि हा गच्चीला कठडा बसवतोय.

डिसेंबरातला रॉचेस्टरविरुद्धचा सामना तू बघितलास ना? की वरच्या काचेच्या खोलीत कोळंबी खात होतास? त्यांचा तो बुटका गडी चेंडू काखेत मारून आपल्या बचावफळीच्या मधून असा गेला की कुणाचा धक्काही लागला नाही. मधोमध पाय रोवून उभा राहणारा आणि समोरच्या दोघांना अंगावर घेणारा गडी तुझ्याकडे एकच आहे. तो बाहेर बसला की मागे दोन पोरं आहेत, त्यांना माझ्या टायरच्या दुकानात मी टायर उचलायलाही ठेवणार नाही.

सहाव्या नंबरवर मधला गडी घे. धिप्पाड, जड बुडाचा, न पळणारा. लुइझियानाचा तो प्रूइट आहे, तो मिळाला तर डोळे झाकून घे. कॉर्नर तिसऱ्या फेरीत रस्त्यावर मिळतात.

तुला पटणार नाही, कारण सांगणारा मी आहे. तरी सांगतो.

कॅझ

*

एरी
२६ फेब्रुवारी

दाजींना ग्लेनचा नमस्कार. हा नमस्कार डोरीनताईखातर आहे, गैरसमज नको.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, एकदा रागाने आणि एकदा करमणूक म्हणून. दुसऱ्या वेळी जास्त मजा आली. तुम्ही अकरा वर्षं आमच्या बचावफळीचे कोच होतात आणि त्या अकरा वर्षांत आपण एकदाही जानेवारीतली बाद फेरी खेळलो नाही. मी आल्यावर पहिलं काम केलं ते तुम्हाला नारळ द्यायचं. त्याबद्दल या गावात मला आजही लोक बिअर पाजतात. आणि आता तुम्ही टायरच्या दुकानात बसून मला ड्राफ्ट शिकवणार. नाचता येईना अंगण वाकडं, ते बाकी तुम्हीच दाखवावं.

मला एक कळलं नाही. मधोमध उभा राहणारा तो 'एकच गडी' कोण आहे, विसरलात का? तुमचाच मुलगा आहे, दाजी. माझा भाचा वेस. तीस वर्षांचा आहे, गेली आठ वर्षं एक सामना चुकलेला नाही. मग स्वतःच्या पोराच्या जागेवर दुसरा आणा म्हणून बाप का सांगतोय? वाटणीला शेजाऱ्याचं वासरू मागणारा शेतकरी मी पाहिलाय, स्वतःची गाय हाकलून द्या म्हणणारा पहिल्यांदा पाहतोय. यात काहीतरी आहे. तुमच्या पत्रात नेहमीच काहीतरी असतं.

तुम्हाला या धंद्यातून बाहेर पडून बरेच दिवस झाले, म्हणून आठवण देतो. ड्राफ्टच्या आधीचे दोन महिने इथे कुणी खरं बोलत नाही. पेपरवाल्याला मी सांगितलं, वेग हवा. मसाजवाल्याला सांगितलं, चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक हवा. रिसेप्शनवरच्या बाईंना सांगितलं, सहावा नंबरच विकून टाकणार. आता कुठली बातमी कुठून फुटते ते बघत बसलोय. समोरचा जे मागतो ते त्याला नको असतं आणि ज्याला नावं ठेवतो ते हवं असतं. एवढं कळायला कोच असावं लागत नाही, पण कोच असून ते न कळणारा मी एकच पाहिला.

वेसला मजबूत ठेवा. सप्टेंबरात त्याची खूप गरज आहे.

ग्लेन

*

ऑईल सिटी
९ मार्च

ग्लेन,

यावेळी टोमणे मारणार नाही. एवढं एक पत्र माणसासारखं वाच, पुढच्यापासून मला हव्या तेवढ्या शिव्या दे.

काल उपासाचा शुक्रवार होता. आमच्या चर्चच्या हॉलमध्ये मासे तळतात, तुला माहीत आहे. डोरीन जिवंत असताना तूही यायचास आणि दोन पानं खाऊन जायचास. वेस आणि सूनबाई जोलीन आले होते. वेस म्हाताऱ्यांच्या टेबलावर ताटं नेत होता. मध्येच त्याचा डावा हात खांद्यापासून सुटल्यासारखा खाली पडला. ताट, मासे, कोबी, सगळं जमिनीवर. लोक हसले. एवढा मोठा पहिलवान आणि ताट धरता येईना म्हणून टाळ्या पिटल्या. वेसही हसला आणि फडकं घेऊन पुसायला बसला. उजव्या हाताने.

हे रॉचेस्टरच्या सामन्यापासून आहे. मानेतून बोटापर्यंत आगीसारखी कळ येते आणि मग हात मेल्यासारखा होतो. जानेवारीत मी त्याला गुपचूप क्लीव्हलँडच्या एका डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टरने मानेचा फोटो काढला आणि साध्या शब्दांत सांगितलं. मणक्यातली जागा इतकी अरुंद झालीये की तसाच आणखी एक धक्का बसला तर हात जातील, पाय जातील, आणि जन्मभर दुसऱ्याने घास भरवायचा.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, आता बास. त्यावर तुझा भाचा काय म्हणाला ते जसंच्या तसं लिहितो.

"माझ्या मागे कोण आहे, बाबा? मी बसलो तर त्या दोन पोरांना पहिल्याच दिवशी चिरडतील. मामाने दुसरा गडी आणला की मी त्याच दिवशी उठतो."

आणि मग कुणाला सांगणार नाही म्हणून मला त्याच्या आईची शपथ घ्यायला लावली. ती मी आज मोडतो आहे.

आता कळलं, मी कुणासाठी मधला गडी मागतोय? वेस एकटा खिंड लढवतोय आणि जोवर त्याचं नाव तुझ्या यादीत आहे तोवर तो हटणार नाही. तुमच्या डॉक्टरांना तो खांदा दुखतो म्हणून सांगतो, ते खांदा दाबून बर्फ लावतात. प्रूइटला घे, नाहीतर दुसरा कुणी घे, पण घे. आणि वेसला सोडून दे. मला तुझे उपकार नकोत, पण हा एक मी आयुष्यभर मानेन.

कॅझ

*

एरी
२० मार्च

दाजी,

मानलं तुम्हाला. पत्र वाचताना क्षणभर माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. ताट, मासे, कोबी, आणि वर डोरीनताईची शपथ. तुम्ही कोच झालात ही चूकच झाली, नाटकमंडळीत जायला हवं होतं.

तरी मी बेजबाबदार माणूस नाही. पत्र आलं त्याच दिवशी वेसला बोलावून डॉक्टरांसमोर बसवलं. काय होतंय विचारलं तर म्हणाला, खांदा थोडा आखडतो. डॉक्टरांनी खांदा तपासला, ठणठणीत. मग त्याने हसत हसत डॉक्टरांना खुर्चीसकट उचललं. मान दाखव म्हटलं तर म्हणाला, "बाबांनी काही सांगितलं का? ते हल्ली एकटे असतात, काहीतरी मनात घेऊन बसतात." तुमच्या पोरानेच तुम्हाला खोटं पाडलं, मी नाही.

आता खरं कारण मी सांगू? बझ ओलिफंट. तुमचा जुना दोस्त, तुम्ही दोघांनी मिळून आपली बचावफळी अकरा वर्षं बुडवली. तो हल्ली रॉचेस्टरला बचावाचा कोच आहे आणि त्यांनाही मधला गडी हवाय. ड्राफ्टमध्ये त्यांचा नंबर आठवा. मी तुमच्या पत्राला भुलून वेसला सोडायचं, म्हणजे बझने त्याला अलगद फुकटात झेलायचं, आणि डिसेंबरात माझाच भाचा माझ्याच पोरांना आडवं करणार. मी त्याचा मामा आहे, पण मला मामा बनवायचा प्रयत्न करू नका.

एप्रिल तोंडावर आला की मी माझ्या आईवरही विश्वास ठेवत नाही, तिथे तुम्ही कोण? आम्ही कॉर्नर घेणार आहोत. वेस सोळाच्या सोळा सामने खेळणार आहे.

ग्लेन

ता. क. शपथेत डोरीनताईला आणायला नको होतं. ते मात्र मला लागलं.

*

ऑईल सिटी
२ एप्रिल

ग्लेन,

पकडलंस. बझने सांगितलं होतं की तू आता पूर्वीचा बावळट राहिलेला नाहीस, पण मला पटलं नव्हतं.

मानेची गोष्ट सोडून दे. पोराला काही झालेलं नाही, रेड्यासारखा आहे. म्हाताऱ्याने एक डाव टाकून पाहिला, फसला, विषय संपला. उलट तू म्हणतोस ते बरोबर आहे. वेस इतका चांगला आहे की त्याच्याबरोबर आत्ताच्या आत्ता आणखी तीन वर्षांचा करार करून टाक. ड्राफ्टच्या आधी केलास तर उत्तम. नंतर उगाच डॉक्टर, तपासण्या, मानेचे फोटो यात वेळ घालवू नकोस. घरचा माणूस आहे, शब्दावर सही घे.

आणि त्या प्रूइटबद्दल मी आधी जे लिहिलं तेही विसर. तो आळशी आहे, त्याचा गुडघा फुटका आहे, तो जेवायला बसला की उठत नाही. सहाव्या नंबरवर त्याला घेणारा माणूस मूर्ख ठरेल. आठव्या नंबरपर्यंत त्याला तसाच राहू दे, कुणीतरी मूर्ख घेईल. तू खुशाल कॉर्नर घे, वेगच महत्त्वाचा.

तुझ्या हुशारीला सलाम.

कॅझ

*

एरी
२४ एप्रिल

दाजी,

शनिवारी टीव्ही बघितलात की दुकान उघडं होतं? बघितला नसेल तर सांगतो. सहाव्या नंबरवर एरी ॲन्व्हिल्सने लुइझियानाच्या प्रूइटला घेतलं. आठव्या नंबरवर रॉचेस्टरवाल्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. बझ ओलिफंटचा तर म्हणे पेन्सिल मोडायचा आवाज आला.

तुमचं दोन तारखेचं पत्र मी ड्राफ्टच्या खोलीत सगळ्यांना वाचून दाखवलं. लोक लोटपोट झाले. आळशी आहे, गुडघा फुटका आहे, आठव्या नंबरपर्यंत राहू द्या! अहो दाजी, निदान नंबर तरी दुसरा लिहायचा. बझसाठी त्याला राखून ठेवायचा इतका उघडा प्रयत्न शाळेतलं पोरही करणार नाही. गुडघा आम्ही तपासला, नवाकोरा आहे.

पण हसायचं तिथेच संपलं. त्या पत्रात एक वाक्य होतं, डॉक्टर आणि मानेचे फोटो यात वेळ घालवू नकोस. ते वाचून मी ताठ बसलो. जी गोष्ट करू नको म्हणतात ती आधी करावी, हा आमचा नियम. वेसला मी विचारलंच नाही, करार करायचा असेल तर मानेचा एमआरआय काढावा लागेल, नाहीतर खेळायचं विसर, असं सांगून पाठवलं. तो यंत्रात जायला तयार नव्हता. शेवटी गेला.

आमच्या डॉक्टरांनी फिल्म दिव्यावर लावून बघितली. मग ते एवढंच म्हणाले, हा पोरगा रॉचेस्टरनंतरचे तीन सामने कसा खेळला मला माहीत नाही.

म्हणजे मार्चमधलं पत्र खरं होतं, दाजी. आणि एप्रिलमधलं खोटं. तुम्हाला सगळं ठाऊक होतं. मार्चमध्ये बाप होतात, तेव्हा मी ऐकलं नाही, हे कबूल. पण मग काय केलंत? पोराचा मणका मोडकळीला आलाय हे माहीत असताना तोच मणका मला तीन वर्षांसाठी विकायला काढलात, आणि वर सांगितलंत की तपासू नको. मी या धंद्यात खूप हलकट माणसं पाहिली. एजंट पाहिले, सट्टेवाले पाहिले. पोराची मान विकणारा बाप पाहिला नव्हता. डोरीनताई नाही ते बरं झालं.

सोमवारी आम्ही वेसला मोकळं केलं. शारीरिक तपासणीत नापास, असं कारण लिहून लीगमधल्या प्रत्येक संघाला कळवलं आहे. आता बझच काय, कुठलाच संघ त्याला मैदानावर उभं करणार नाही. तुमचा तोही बेत फसला. वेसने कपाटाची किल्ली काढून माझ्या टेबलावर ठेवली. मग मला म्हणाला, "मामा, प्रूइट चांगला आहे ना?" मी हो म्हटलं.

तुम्हाला यापुढे पत्र लिहायची गरज नाही.

ग्लेन

*

एरी
२९ एप्रिल

बाबा,

मामाने तुमची मार्च-एप्रिलची दोन्ही पत्रं माझ्यासमोर टाकली. आईची शपथ मोडलीत. वर मला रेडा म्हणून बाजारात उभं केलंत. मला त्यातलं कुठलं खरं होतं ते जाणून घ्यायची इच्छा नाही. मला खेळायचं होतं. शेवटचा दिवस मी ठरवणार होतो.

जोलीन तुम्हाला फोन करेल, तिला करू द्या. मला करू नका.

वेस

*

ऑईल सिटी
९ जून

ग्लेन,

लिहू नका म्हणालास तरी लिहितो, तुझं ऐकायची सवय मला कधीच नव्हती.

तुझ्याबद्दल मी वर्षानुवर्षं म्हणत आलो की याला कशातलं काही कळत नाही. ते शब्द मी मागे घेतो. तुला एक गोष्ट चांगली कळते, खोटं. त्याचा वास तुला लांबून येतो, त्याच्या मागे तू कुत्र्यासारखा धावतोस, जमीन उकरून काढतोस. फक्त खरं समोर ठेवलं की तुला ते दिसत नाही. मार्चमध्ये मी खरं तुझ्या पुढ्यात ठेवलं, ताट, मासे, शपथ, क्लीव्हलँडचा डॉक्टर, सगळं. तू त्याला नाटक म्हणालास. मग माझ्या लक्षात आलं की पालथ्या घड्यावर पाणी ओतण्यात अर्थ नाही, घडा जसा ठेवलाय तसा वापरावा.

म्हणून दोन तारखेचं पत्र लिहिलं. टेबलाशी बसून, एकेक वाक्य उलटं करून. प्रूइट वाईट आहे म्हटलं की तू त्याला घेशील. करार कर म्हटलं की तू करणार नाहीस. मान तपासू नको म्हटलं की तू पहिली मानच तपासशील. आठवा नंबर मुद्दाम लिहिला, तुला तेवढं स्वच्छ लिहिल्याशिवाय कळलं नसतं. तू प्रत्येक गोष्ट बरोबर केलीस, ग्लेन. कोच होतो तेव्हा एकही गडी माझं इतकं ऐकत नव्हता. बझशी मी नाताळनंतर बोललेलोही नाही.

हे मी आधी कळवलं नाही, कारण माझा डाव कळला असता तर तू ती फिल्मही खोटी म्हणाला असतास आणि वेसला परत बोलावलं असतंस. आता वेळ टळली आहे. प्रूइट सरावाला उतरलाय, पेपरात फोटो आहे. चांगला गडी आहे. त्याची काळजी घे, त्याच्या मागेही एक पोरगं ठेव.

तू गावभर सांगतोस की कॅझ डोंबेकने पोराची मान विकायला काढली होती. चर्चच्या हॉलमध्येसुद्धा ते पोचलंय, परवा कॉफी ओतताना एका बाईने माझा कप सोडून पुढच्याचा भरला. सांग, खुशाल सांग. मी खुलासा करत फिरणार नाही, आणि तूही हे पत्र कुणाला वाचून दाखवणार नाहीस, कारण यात लोक ज्याला हसतील असा माणूस तूच आहेस.

मला मिळायची ती शिक्षा घरातच मिळते. दर रविवारी सूनबाई वेसला ओढत जेवायला आणते. मी बटाटा भरून पिरोगी उकडतो, डोरीनसारख्या होत नाहीत, तो मुकाट खातो. जोलीनशी बोलतो, पाव मागायचा तर तिच्याकडे मागतो. मी समोर बसलो की मान वळवून खिडकीबाहेर बघतो. पहिल्या रविवारी मला ते फार लागलं. दुसऱ्या रविवारी मी मुद्दाम उठून दुसऱ्या बाजूला जाऊन बसलो. त्याने मान तिकडून इकडे वळवली, सगळी, खांद्यापर्यंत, कळ न येता.

येत्या रविवारीही मी त्याच्यासमोर बसणार आहे.

कॅझ